डोहाचं बेणं

मासा पाण्यात बुडून मरू शकतो, हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी कळलं. त्याआधी अडीच वर्षं मी विज्ञान शिकवत होतो. फळ्यावर माशाचं चित्र काढायचो, कल्ल्याला बाण दाखवायचो आणि मासे कल्ल्यांनी श्वास घेतात असं पोरांकडून तीनदा म्हणवून घ्यायचो. पोरं म्हणत. त्यांना मरळ माशाची गोष्ट ठाऊक होती, पण गुरुजींना उलट बोलू नये, एवढं त्यांच्या घरच्यांनी शिकवलेलं होतं.

शाळा कळमनुरी तालुक्यातल्या डोंगराळ भागात, आंध आदिवासींच्या पन्नासेक घरांच्या वाडीवर होती. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आमचे कागद परभणीला जात. मी त्र्याण्णवच्या जूनमध्ये तिथे रुजू झालो. एकशिक्षकी शाळा, म्हणजे मीच मुख्याध्यापक, मीच शिपाई. फाट्यावर एसटी सोडायची आणि पुढे तासभर पायी. मी कुरुंद्याकडचा, हळदीच्या काळ्याभोर शिवारात वाढलेला. इथे जमीन मुरमाड, ज्वारी गुडघ्याएवढी, आणि चहूकडे पळस, सागाची खुरटी झाडं, मोह. पहिल्या आठवड्यात मी घरी पत्र लिहिलं की इथले लोक चांगले आहेत पण फार मागासलेले आहेत. ते पत्र आईनं जपून ठेवलं होतं. पुढे कधीतरी हाती लागलं तेव्हा मी ते चुलीत घातलं.

मला राहायला वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं घरालगतची खोली दिली. त्यांना सगळे बाबा म्हणत, मीही म्हणू लागलो. बाबांची बायको वारलेली, मुलगा दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा तो उन्हाळ्यातच परतायचा. घरात उरत ते बाबा आणि त्यांची सून. सून माझ्यापेक्षा तीनचार वर्षांनी लहान असेल, पण मी तिला वैनी म्हणायचो. ती रोज रानातून काही ना काही भाजी आणायची, तरोटा, कुंजीर, कधी शेवळं, आणि त्यातली वाटीभर माझ्या उंबऱ्यावर ठेवून जायची. मी तिला एकदा म्हणालो, वैनी, बाजारातून कोबी आणत जा, त्यात जीवनसत्त्वं असतात. ती हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तरोटाच ठेवला.

त्या काळात माझ्याकडे एक दोनशेपानी वही होती. तिच्यावर मी लाल शाईनं ‘अंधश्रद्धा’ असं लिहिलेलं होतं. वाडीत काही विचित्र दिसलं की त्यात टिपून ठेवायचो आणि शनिवारी पोरांना त्यावर भाषण द्यायचो. रानातला कंद उकरला की वेलाचं डोकं परत मातीत पुरतात, हे त्यात होतं. मोहाच्या झाडाला सरपणासाठी कुऱ्हाड लावत नाहीत, तेही होतं. आणि वरच्या डोहाला देव मानतात, हे तर अधोरेखित केलेलं होतं.

वाडीच्या अंगाला एक ओढा होता आणि त्यावर तीन डोह. खालचे दोन उघडे, म्हणजे तिथे मासे धरायला मोकळीक. सगळ्यात वरचा डोह जांभळीच्या झाडाखाली, खडकाच्या पोटात, तो बंद. काठावर शेंदूर फासलेला एक धोंडा. त्या डोहात कुणी जाळं टाकत नसे, गळ टाकत नसे, पोरंसुद्धा डुंबत नसत. राखण बाबांच्या घराकडे होती. राखण म्हणजे काय, तर बाबा दिवसातून एकदा काठीवर रेलून तिथे उभे राहत आणि परत येत.

शिमग्याच्या सुमारास ओढ्याची धार बारीक झाली की सारी वाडी मधल्या डोहावर जमायची. बाया हिंगणबेटाची वाळलेली फळं कुटायच्या. त्याचा फेस पाण्यात गेला की माशांना गुंगी येते, ते वर तरंगतात आणि हातानं वेचता येतात. किती कुटायचं ते बाबा ठरवत. ते आधी पाण्यात पळसाचं पान सोडत, ते किती वेगानं जातं ते बघत आणि मग सांगत, दोन टोपली बस. एका बाईनं तिसरी आणली तर तिला परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. “पानी चालतं पायजे,” ते मला म्हणाले, “सांजपोत धुवून गेलं पायजे सगळं.” मी मान हलवली. माझं लक्ष माशांकडे होतं.

मोठे मासे टोपल्यांत गेले. पण गुंगी आलेल्या लहान मरळी बायांनी ताज्या पाण्याच्या गाडग्यात घातल्या आणि बाबांनी त्या वर नेऊन बंद डोहात सोडल्या. मी वहीत लिहिलं, देवाला माशांचा नैवेद्य.

त्या डोहातून मासा निघायचा तो एकाच कारणानं. वाडीत कुणी बाळंत झाली की बाबा तिच्यासाठी गळानं एक मरळ काढत, एकच. जिवंत मरळीचं कालवण खाल्लं की अंगात ताकद येते, दूध उतरतं. आणि ज्या घरी ती जाई, त्या घरच्या बाळाच्या बापानं खालच्या डोहातलं एक मरळीचं पिल्लू आणून स्वतःच्या हातानं वरच्या डोहात सोडायचं. ही त्या वाडीची रीत. दुसऱ्या वाडीत ती तशीच असेल, असं मी म्हणणार नाही. मी एका बापाला गाडगं घेऊन चाललेला पाहिलं आणि वहीत आणखी एक ओळ लिहिली.

पंचाण्णवच्या मे महिन्यात सारी वाडी एका लग्नाला पैनगंगेपलीकडे गेली. बाबांचा मुलगा त्या वर्षी ऊसतोडीहून परस्परच लग्नाला जाणार होता. मागे राहिली चार म्हातारी माणसं, शेजारची एक आजी आणि बाबांची सून, कारण तिला सातवा सरून आठवा लागला होता. तिला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. शाळेला सुट्टी होती. मी घरी जायचा तो गेलो नाही, कारण माझे डीएडचे दोन मित्र मोटारसायकलवर येणार होते. मी त्यांना मोठ्या फुशारकीनं पत्र लिहिलं होतं की या, तुम्हाला आदिवासी पद्धतीनं मासे धरून दाखवतो.

खालच्या दोन डोहांत उन्हाळ्यामुळे गुडघाभर पाणी उरलं होतं. वरचा मात्र भरलेला. मित्रांपुढे मला माघार घ्यायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्या शेंदराच्या धोंड्याला एकदा हरवायचंच होतं. शाळा उघडली की पोरांना सांगणार होतो, बघा, मी मासे काढले, मला काही झालं का? आम्ही तिघांनी हिंगणबेटं गोळा केली आणि दगडावर कुटली. पाच टोपली. बाबा दोन टाकतात, डोह मोठा आहे, मग पाच टाकू. असा माझा हिशेब. पळसाचं पान सोडून पाहायचं मला आठवलंही नाही, आणि सोडलं असतं तर ते जागचं हललं नसतं. त्या दिवसांत ते पाणी वाहतच नव्हतं.

कुटण्याचा आवाज ऐकून बाबांची सून पोट सावरत चढण चढून वर आली. ती दमली होती. तिनं आधी टोपल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“गुरुजी, ह्यो डोह बंद हाय.”

“वैनी, देव माशात नसतो,” मी म्हणालो. मित्र ऐकत होते, त्यामुळे माझा आवाज जरा वर्गातला लागला. “तुम्ही शिकलं पाहिजे. ही सगळी भीती आहे मनातली.”

“भीती न्हाई गुरुजी. बंद हाय त्यो.”

“बंद आहे, बंद आहे. काहून बंद आहे, ते सांगा ना!”

मी तिच्याच बोलीतला ‘काहून’ तिच्यावर उलटवला, याचा मला त्या क्षणी आनंद झाला होता. ती काही बोलली नाही. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही. तिच्या दृष्टीनं ते इतकं उघड होतं की ते सांगावं लागतं, हेच तिला ठाऊक नसावं. ती परत खाली गेली आणि आम्ही टोपल्या पाण्यात रिकाम्या केल्या.

आधी बारके मासे वर आले. शेकड्यांनी. मग झिंगे. मरळ दमाची असते, ती शेवटी आली, एकेक करून, हाताएवढ्या लांब, डोकी वर काढून तोंडं उघडत. आम्ही आरडाओरडा करत त्या धरल्या. मोठ्या दहाबारा निघाल्या. मित्रांनी पोतं भरून नेलं, मी दोन ठेवून घेतल्या आणि संध्याकाळी पोट फुटेस्तोवर खाल्ल्या. चव चांगली होती, ते नाकारत नाही.

वाडी तिसऱ्या दिवशी परतली. तोवर वरच्या डोहाचा वास शाळेपर्यंत येत होता. पाण्यावर बारक्या माशांचा पांढरा थर होता आणि त्यावर कावळे. बाबा वर जाऊन आले आणि माझ्या खोलीपुढे ओट्यावर बसले. मी भाषण तयार ठेवलं होतं. त्यांनी ते मागितलंच नाही.

“तुमच्याकडं हळद पिकते म्हन्तेत.”

“हो.”

“हळद शिजवतानी बेणं बी शिजवता काय?”

हळद निघाली की कढईत शिजवतात, पण पुढच्या लागवडीचं बेणं आधीच बाजूला काढून झाडाखाली झाकून ठेवतात. त्याला कुणी हात लावत नाही. मी सात वर्षांचा असताना खेळता खेळता बेण्यातला एक गड्डा उकळत्या कढईत टाकला होता. आईनं कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशी गालावर पाच बोटं उमटवली. म्हणाली, बेणं शिजवतोस रे, पुढच्या साली काय खाशील? त्या ओट्यावर बसल्या बसल्या मला तो गाल पुन्हा चुरचुरला.

“पानी आलं की ह्या डोहातून मासे खाली उतरत्यात,” बाबा म्हणाले. “खालच्यात आमी खातो. वरचं बेणं.”

“पण मग तो शेंदूर कशाला?”

“तुमच्यासारख्यासाठी,” बाबा म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली बैठक बसली. मला वाटत होतं माझी तक्रार जाईल, बदली होईल. मनातून मला ती हवीच होती, सुटलो असतो. पण त्यांनी वर काही कळवलं नाही. माझ्यासाठी तीन गोष्टी ठरल्या. डोहाचं बेणं मी परत आणायचं, कुठूनही. डोहाच्या काठाला मी पाय लावायचा नाही, आणलेलं बेणं बाबा ओततील. आणि त्या डोहातली मरळ पुन्हा एखाद्या बाळंतिणीच्या ताटात जाईपर्यंत मी मासा खायचा नाही. कुणी आवाज चढवला नाही. एक म्हातारी तर मला म्हणाली, जेवलास का लेकरा.

बाबांच्या सुनेला आषाढात मुलगी झाली. अंगावर दूध नीट उतरेना. एरवी दुसऱ्याच दिवशी डोहातली मरळ तिच्या चुलीवर असती. बाबा गळ घेऊन वर गेले, दुपारपर्यंत बसले आणि रिकाम्या हातानं आले. ते बसले होते ते मला खोलीतून दिसत होतं. मरळ नाही, हे त्यांना माहीतच होतं. तरी ते गेले. दुसऱ्या दिवशी मी कळमनुरीच्या बाजारातून धरणातला चांगला मोठा कटला आणला आणि त्यांच्या उंबऱ्यावर ठेवला. वैनी आतून आली, मासा उचलून माझ्या उंबऱ्यावर ठेवला आणि शेजारच्या आजीला ऐकू जाईल असं म्हणाली, “बर्फातला मेलेला मासा बाळंतिणीला देत न्हाईत.”

ते पोरगं शेळीच्या दुधावर वाढलं. सहा महिन्यांची झाली तरी तिच्या फासळ्या मोजता येत. भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकू यायचं आणि मी वह्या तपासत बसायचो. ती जगली नाही तर काय, हा विचार मी त्या पावसाळ्यात रोज केला. ती जगली, हे माझं नशीब. वैनी माझ्याशी बोलायची बंद झाली. उंबऱ्यावर भाजीची वाटी येणंही थांबलं, आणि मला कळलं की कोबीपेक्षा तरोटा बरा लागतो.

बेणं आणायला मी त्या थंडीत सायकलवर पैनगंगेला गेलो. तिथल्या मासे धरणाऱ्या भोयांकडून दोन जिवंत मरळी घेतल्या. मडकं काठोकाठ भरलं, जितकं पाणी जास्त तितका मासा सुखी, आणि तोंडाला प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधला, कारण मरळ उडी मारते हे ऐकलं होतं. सायकल हातानं ढकलत, मडकं सांभाळत वाडीवर पोचायला अख्खा दिवस गेला. बाबांनी कागद सोडला. दोन्ही मरळी पोट वर करून.

बाबांनी एक मासा उचलून हातावर ठेवला. मग त्यांना हसू फुटलं आणि थांबेचना. “गुरुजी, तुमी तर तिला बुडवून मारली की!”

मरळ पाण्यात राहते, पण तिला मधूनमधून वर येऊन वारा घ्यावा लागतो, नाहीतर ती गुदमरते. मडक्यात चार बोटं जागा रिकामी ठेवायची आणि तोंडाला ओलं फडकं बांधायचं, म्हणजे वारा खेळतो. हे वाडीतल्या पाच वर्षांच्या पोराला माहीत होतं. बातमी संध्याकाळपर्यंत घरोघर गेली. गुरुजीनं मासा बुडवला. पुढची कित्येक वर्षं लग्नात, बारशात कुणीतरी ही गोष्ट काढायचंच. मी फळ्यावरचा बाण पुसला आणि पोरांना विचारलं, आता तुम्ही सांगा. त्या तासाला मी पहिल्यांदा त्या शाळेत काही शिकलो.

वहीसुद्धा त्याच सुमारास पुन्हा उघडली. कंदाच्या वेलाचं डोकं परत का पुरतात, हे विचारायची आता गरज नव्हती. एकेक ओळ वाचत गेलो आणि माझीच मला लाज वाटली. पण सगळ्याच ओळी खोडल्या असं नाही. साप चावला की मांत्रिकाकडे नेतात, ही ओळ मी ठेवली आणि त्यावरून बाबांशी भांडत राहिलो. त्यात एकदा मी जिंकलोही. साप चावलेल्या एका माणसाला बैलगाडीत घालून आम्ही कळमनुरीच्या दवाखान्यात नेला आणि तो वाचला.

मला घाई होती. मी म्हणत होतो, एकदम वीस मरळी आणून टाकू, डोह जरा खोल खणू. बाबा म्हणत, “त्या खातील काय? एकमेकीला?” पहिलं वर्षभर त्यांनी माझ्याकडून फक्त झिंगे आणि बारके मासे आणवले. दुसऱ्या हिवाळ्यात चार लहान मरळी. खणायला तर हातच लावू दिला नाही, उन्हाळ्यात त्या चिखलातच मरळ निजून राहते म्हणाले. मी पायवाटेवर थांबायचो, बाबा मडकं घेऊन काठाला जायचे. मडक्यात चार बोटं जागा आहे ना, हे ते दर वेळी वाकून बघायचे, आणि मला राग यायचा.

शहाण्णवला माझं लग्न झालं. बायकोला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, बरं झालं, मला तुमचा स्वभाव आधीच कळला. ती मासे करायची, स्वतः खायची, आणि मी डाळ. तिची आणि वैनीची गट्टी जमली. दोघी सरपणाला, भाजीला सोबत जायच्या. मी अंगणात आलो की मात्र वैनी पदर डोक्यावर ओढून उठायची. बायकोनं दोनतीनदा मध्यस्थी करून पाहिली. वैनी तिला म्हणाली म्हणे, “मी त्याला सांगत व्हते. त्यानं ऐकलं असतं तर मी कशाला रुसले असते?”

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात एका दुपारी बाबांनी मला शाळेतून बोलावून नेलं. काठाला न नेता, अलीकडच्या खडकावर. “बघा,” म्हणाले. पाण्यावर तांबूस रंगाचा एक डाग सरकत होता, भाकरीएवढा. नीट पाहिलं तर ती पिल्लं होती, शेकडो, एकमेकांना चिकटून. त्यांच्याखाली दोन काळ्या सावल्या, जिकडे डाग तिकडे त्या.

“आईबाप हायेत,” बाबा म्हणाले. “दोघं राखन करून राहिले.”

माझे डोळे भरून आले. बाबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मी विचारलं, आता उघडायचा का डोह? ते म्हणाले, न्हाई, त्या मोठ्या व्हायच्यात. त्या साली तीन बाया बाळंत झाल्या आणि तिघीही मरळीवाचून राहिल्या. पुढच्या साली दोन. कुठल्याही घरातून बाळाचं रडणं आलं की मी दार लोटून घ्यायचो. कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर सोपं गेलं असतं. जिल्हा हिंगोली झाला, बदल्यांचे अर्ज निघाले, माझ्या बरोबरीचे सगळे सडकेवरच्या गावांत गेले. मी अर्ज भरला नाही. बायकोनं कारण विचारलं नाही.

दोन हजार साल उजाडलं त्या थंडीत बाबा गेले. शेवटचे आठ दिवस ते अंथरुणावर होते, तेव्हा डोहाची राखण त्यांनी सुनेकडे दिली. मुलगा बाहेरगावी आणि ती घरी, म्हणून. मी त्यांच्या पायाशी बसलो होतो तेव्हा त्यांना माझं काम झालं का, असं विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही. डोह कधी उघडायचा हा निर्णय आता वैनीचा होता, आणि ती माझ्याशी पाच वर्षं बोललेली नव्हती.

त्याच सालच्या जूनमध्ये तिची मुलगी शाळेत आली. पटावर नाव घेताना माझा हात जरा थांबला. बारीकच होती, पण तुरतुरीत. पाढे पटकन पाठ करायची.

श्रावणात माझी बायको कळमनुरीच्या दवाखान्यात बाळंत झाली. पहिला मुलगा माहेरी झाला होता, ही मुलगी. चौथ्या दिवशी आम्ही दोघींना वाडीवर आणलं. बायको अशक्त झाली होती, दूध कमी येत होतं, पोरगी रडून लाल व्हायची. ते रडणं मी ओळखत होतो. पाच वर्षांपूर्वी भिंतीपलीकडून ऐकलेलं. डोहाकडे बघायचा मला अधिकार नव्हता आणि बघायची हिंमतही नव्हती. मी शेळी शोधायला लागलो.

सहाव्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधी, वैनी आमच्या उंबऱ्याशी आली. हातात मडकं, तोंडाला ओलं फडकं.

“मास्तरीनबाई कशी हाय?” तिनं मला विचारलं. मला. मागे दुसरं कुणी आहे का, म्हणून मी वळून पाहिलं.

“अशक्त आहे,” मी म्हणालो.

“ही डोहातली हाय, आत्ताच धरली. कालवनात तिखट घालू नका. हळद जास्ती घाला. हळद तर तुमच्या घरची हायच.”

मी फडकं उचललं. चार बोटं रिकामी जागा आणि खाली काळी, जिवंत, हाताएवढी मरळ. बोललो ते भलतंच बोललो. “वैनी, पाच वर्षांत पहिली निघतेय. ही तुमच्या पोरीच्या वेळची. आमच्या घरी कशी…”

“माझं पोरगं आता पाढे म्हनून राहिलं,” ती म्हणाली. “तिला काय करायचंय? वाडीत आज बाळंतीन कोन हाय? तुमचीच हाय ना?”

तिनं मडकं चुलीपाशी नेऊन ठेवलं. परत आली तेव्हा तिच्या हातात एक बारकं गाडगं होतं, ते तिनं बाहेर ओट्यावर ठेवलेलं मी पाहिलंच नव्हतं. त्यात बोटाएवढं एक पिल्लू होतं.

“आन् तुमी काहून हुबे राहिले? बापाचं काम बाकी हाय.”

“मला काठाला मनाई आहे.”

“मास्तरला मनाई व्हती,” वैनी म्हणाली. “बाळाच्या बापाला न्हाई.”

मी गाडगं घेतलं आणि चढण चढलो. पाच वर्षांत त्या वाटेवर खडकाच्या पुढे पाय टाकला नव्हता. जांभळीची मुळं आणखी खाली उतरली होती. धोंड्याला नवा शेंदूर होता. मी चपला काढल्या, पाण्यात दोन पावलं गेलो आणि गाडगं आडवं केलं. पिल्लू बाहेर पडलं आणि माझ्या पायाशी थबकलं. मी हललो नाही. माझ्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून डोहात पडत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग पिल्लू वर आलं, त्यानं तोंड बाहेर काढून वारा घेतला आणि ते मुळांच्या सावलीत गेलं.

खाली आलो तेव्हा चुलीवर कालवण रटरटत होतं आणि वैनी दारात माझी वाट बघत उभी होती.

“गेलं का?”

“आधी वर आलं,” मी म्हणालो. “वारा घेतला. मग गेलं.”

“म्हंजी जगंल,” वैनी म्हणाली आणि वाटी घेऊन आत माझ्या बायकोपाशी गेली.